ज्याची ओ त्यानंच द्यायची

प्रवासाला निघताना मी दोन याद्या करते. एक न्यायच्या वस्तूंची, दुसरी विचारायच्या प्रश्नांची. या वेळच्या पहिल्या यादीत शाल, टॉर्च, पायमोजे, आमसुलं आणि सुकटीची पुडी होती. दुसऱ्या यादीतले सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवतीचे होते.

चिपळूणजवळच्या आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात एक मुलगा रिक्षात झोपल्या जागीच गेला. खोकल्याचं औषध आणि वर दुखण्याच्या जोरदार गोळ्या त्यानं एकत्र घेतल्या होत्या. मित्र सोबत होते. तो मोठ्यानं घोरायला लागला, म्हणून त्यांनी त्याच्या अंगावर चादर घातली आणि त्याला निवांत झोपू दिलं. मुलं वाईट नव्हती. वाईट मुलं चादर घालत नाहीत.

आमच्या महिला मंडळात त्यावर तीन बैठका झाल्या. बहुतेकींचं मत व्यसनमुक्तीची फेरी काढावी असं पडलं. मी मंडळाची चिटणीस. मी म्हटलं, फेरी जरूर काढू, पण घोरणारा माणूस फेरीनं उठणार आहे का? तेव्हा कुणीतरी म्हणालं, मग कशानं उठतो ते तूच बघून ये. माझी जुनी मैत्रीण सुमन परिचारिका आहे आणि नगर जिल्ह्यात ऊसतोड कामगारांना गोळ्यांनी बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला शिकवते. दिवाळीचा फराळ संपला आणि मी निघाले. पुढच्या हकिगतीतल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगत नाही. ज्याची ही हकिगत आहे त्यानं लिहायला परवानगी दिली, ती याच अटीवर.

नगर

पाट्यांवर अहिल्यानगर झालं असलं तरी कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. तारकपूरच्या स्टँडवर सुमन स्कूटर घेऊन उभी होती. चहाही पिऊ न देता तिनं मला दवाखान्यातल्या एका लांबट खोलीबाहेरच्या बाकड्याशी नेलं. तिथं रामहरी आणि त्याची बायको चंद्रकला बसले होते. रामहरी चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पण सदरा एखाद्या मोठ्या भावाचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. आज त्याला घरी सोडणार होते.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. दोघं तोडतात, मोळ्या बांधतात आणि ट्रक आला की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढवतात. ती चढण पाठ मोडते. रामहरीला कुणीतरी ट्रॅमाडॉलची, दुखणं मारणाऱ्या जोरदार औषधाची, एक कॅप्सूल दिली. पाठ दुखायची थांबली. मग एकीच्या दोन झाल्या, दोनांची मूठ झाली. दोन हंगामांनी गोळी नसेल तर त्याला उठताच येईना. शेवटी चंद्रकला त्याला इथं घेऊन आली.

“आता सुटलंय ना?” मी विचारलं.

“सुटलंय,” सुमन म्हणाली, “आणि म्हणूनच जपायचं. अंगाला आता सवय राहिली नाही. आधी जी मूठ पचत होती, तीच मूठ आता श्वास बंद करेल. आमच्याकडे दगावलेली बहुतेक माणसं गोळ्या सोडल्यानंतर दगावलीत, घेत असताना नाही.”

हे माझ्या प्रश्नांच्या यादीत नव्हतं. मला वाटत होतं, सोडलं की संपलं.

चंद्रकलेनं या वर्षी मुद्दाम दुसऱ्या गावची टोळी धरली होती. जुन्या टोळीत गोळ्या देणारेच सोबती होते. नव्या टोळीत रामहरीला कुणी ओळखत नव्हतं. पावसाळाभर तो पुण्यात वॉचमन होता, असं त्यानं तिथं कळवलं होतं.

“निदान मुकादमाला तरी खरं सांगा,” सुमन म्हणाली.

“न्हाई,” रामहरी म्हणाला. “एकदा कळलं की मी रामहरी राहत न्हाई ताई. गोळ्यावाला हुतो. चंद्रे, तुला बी शपथ हाय.”

चंद्रकला माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा बाई. जीव ह्यांचा, आन् शपथ माझ्या गळ्यात.”

दवाखान्यात आलेल्याची गोष्ट बाहेर नेणं सुमनला मंजूर नाही. मलाही तिनं बजावलं. चौघांना ठाऊक असलेली गोष्ट घेऊन आम्ही तिथून निघालो.

डोंगराकडे

करंजी घाट चढला की जमीन बदलते. आमच्याकडे डोंगर म्हणजे झाडं. इथले डोंगर हाडं दिसणाऱ्या जनावरासारखे, त्यावर पिवळं पडत चाललेलं गवत. हवा मात्र कोरडी आणि गोड. कोकणातल्या घामाला सरावलेल्या मला शाल पहिल्याच संध्याकाळी लागली.

नव्या टोळीचं गाव पाथर्डी तालुक्यात. निघायच्या तयारीत प्रत्येक घरापुढे पत्र्याची पेटी, वळकटी, तवा, दोरखंड. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाच्या रश्शात. आमच्याकडे हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याचं पिठलं करतात. मी माझी सुकट काढली. मुकादम भागवतनानांनी पुडीचा वास घेतला आणि ती आदरानं परत केली.

“आमच्या माळकरी लोकांत ह्ये चालत न्हाई बाई. पन वास झ्याक हाय.”

दुपारी समाजमंदिरात सुमननं सगळ्या टोळीला बसवलं. कुणी बेशुद्ध पडला तर काय करायचं, हे दरवर्षी निघण्याआधी करून दाखवतात. बेशुद्ध पडायला माणूस हवा, म्हणून मला जमिनीवर आडवं केलं.

“आधी हाक मारा. मग छातीच्या हाडावर बोटांची पेरं जोरात घासा. उठला नाही तर ओठ बघा, नखं बघा. निळी पडलीत? श्वास खोल घोरल्यासारखा, मध्येच थांबतोय? ती झोप नाही. एकानं रुग्णवाहिकेला फोन लावायचा. लिंबूपाणी नाही, ताक नाही, तोंडात काहीच घालायचं नाही. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडानं सावकाश श्वास द्यायचा. देत राहायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं.”

माझ्या छातीवर पेरं घासायला किसन नावाचा एक हसरा गडी पुढे आला. मी कळवळले.

“अहो, मेलेल्या मानसानं वरडायचं नसतं,” किसन म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या खेपेला मी मुकाट पडून राहिले, तेव्हा तो म्हणाला, “आता कसं! बाई लई झ्याक मरत्यात.”

मग सुमननं हाळीचं सांगितलं. ही पद्धत तिची नाही, त्यांचीच आहे. तोडीच्या तळावर पहाटे मुकादम एकेका झोपडीचं नाव घेऊन हाळी देतो आणि आतून ‘ओ’ यावी लागते, म्हणजे सगळे उठलेत हे कळतं. सुमनच्या दवाखान्यातल्या मंडळींनी या हाळीत फक्त दोन वेळा वाढवल्या. एक दुपारच्या विश्रांतीत, एक दिवस मावळताना. ज्याची ओ येणार नाही, त्याच्या झोपडीत शेजारच्यानं शिरायचं.

“आणि ज्यानं कधी काळी हे घेतलं असेल, सोडलं असेल, त्यानं निदान शेजाऱ्याला सांगून ठेवावं. लाज वाटून घेऊ नये.”

रामहरी टोपी काढून तिच्यावरची नसलेली धूळ झटकत बसला.

“तुमी पाऊसकाळात कुठं हुता दाजी?” किसननं सहज विचारलं.

“पुन्याला. वॉचमन.”

“मजा हाय. खुर्चीवर बसायचं.”

चंद्रकला उठून पाणी प्यायला गेली.

कोपरगावकडे

टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून गेली, मी आणि सुमन बसनं. माझी बॅग किसननं आपुलकीनं ट्रॉलीत टाकली. ती मला मिळाली तेव्हा तिच्यावर एक कोंबडी बसली होती आणि शालीची पुरती वाट लागली होती. यादी कितीही चांगली केली तरी तिच्यात कोंबडी कुणी धरत नाही.

गोदावरीकडचा हा मुलूख वेगळाच. काळी जमीन, पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. एकाच जिल्ह्यात दोन जगं आहेत आणि एक जग दरवर्षी दुसऱ्याकडे कामाला येतं. कारखान्याच्या रस्त्यापासून थोडं आत, पाटाच्या कडेला टोळीनं तळ ठोकला. बांबू, चटया आणि उसाचं वाळकं पाचट यांच्या झोपड्यांना कोप्या म्हणतात. दिवसभरात एक वस्ती उभी राहिली. चुली पेटल्या, दोऱ्या बांधल्या, एका कोपीला तर तोरणही लागलं. रामहरीची कोपी शेवटून दुसरी, आणि अगदी शेवटची किसनची. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून तो या वर्षी भावजयीबरोबर जोडी करून आला होता.

तोड बघायला मी शेतात शिरले आणि उसाच्या पात्यांनी दोन्ही हात ओरबाडले गेले. लांब बाह्यांचं पोलकं यादीत नव्हतं. चंद्रकलेनं मला आपल्या नवऱ्याचा जुना सदरा घालायला दिला. तो घालून मी तिच्यामागं मोळ्यांचे बंध आवळत फिरले. तास झाला नाही तोच माझी कंबर बोलायला लागली. रामहरी कोयता खाली ठेवून दर थोड्या वेळानं ताठ उभा राही आणि आभाळाकडे बघे. सुमननं त्याला ते शिकवलं होतं, शेकायला पिशवीही दिली होती.

“जमतंय का?” मी विचारलं.

“तोडायला जमतंय. भरायला ट्रक येईल तवा बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मोळ्या वर चढवताना रामहरी दोनदा फळीवर थांबला. मागच्यांची रांग अडली. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, “वॉचमन, खुर्ची आनू का?” सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं पाय उचलला आणि ट्रक भरेपर्यंत थांबला नाही.

दुपारी गडी विश्रांतीला कोप्यांत शिरले. सुमन पुढच्या तळावर गेली होती. मी चंद्रकलेबरोबर पाटावर धुणं धूत होते. तेवढ्यात भागवतनानांची हाळी सुरू झाली. मोकळ्या रानात ती पार पाटापर्यंत ऐकू येत होती. एकेक नाव, एकेक ओ. मला आमच्या वाडीची आठवण झाली. तिथंही या आगरातून त्या आगरात हाक जाते, पण ती नारळ पडलाय किंवा पाहुणे आलेत हे सांगायला.

“रामहरीऽऽ!”

“ओऽऽ!”

मी चादर पिळायला घेतली. चंद्रकलेचे हात मात्र पाण्यात तसेच राहिले.

“हा आवाज ह्यांचा न्हाई,” ती म्हणाली.

आणि पळाली. मी तिच्यामागं. एक चप्पल पाटात राहिली.

किसन आपल्या कोपीबाहेर तंबाखू मळत बसला होता. “आगं आक्का, हळू! झोपलेत दाजी. लई दमलेत, घोरत्यात बघ कसं. म्हनलं कशाला उठवायचं, म्या दिली ओ त्यांच्या वाटची.”

त्याच्या चेहऱ्यावर केलेल्या उपकाराचं समाधान होतं. रामहरीच्या अंगावर एक गोधडी घातलेली होती. किसनचीच होती.

ती गोधडी बघितली आणि मला रिक्षातली चादर दिसली.

चंद्रकलेनं गोधडी फेकली. ओठ राखेच्या रंगाचे. घोरण्याचा एक खोल आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. तिनं पेरं घासली, इतकी जोरात की कातडी लाल झाली. तो हलला नाही. एक म्हातारी लिंबू पिळलेला तांब्या घेऊन आली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि बाहेर ओतला. ती रागावली, रागावू दे. चंद्रकला गुडघ्यांवर बसली, हनुवटी वर केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास दिला. सगळ्या टोळीसमोर, पदर मातीत. छाती वर आली. पुन्हा दिला.

“काय झालंय काय?” किसन ओरडत होता. “झोपलाच हुता की!”

“गोळ्या,” ती दोन श्वासांच्या मध्ये म्हणाली. “सोडल्या हुत्या ह्यांनी. आज घेतल्या.”

शपथ अशी सुटली.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या वाहनांची रांग लागली होती, रुग्णवाहिका आत यायला वेळ लागणार होता. भागवतनानांनी आपली पिकअप कोपीच्या तोंडाशी लावली. आम्ही रामहरीला मागं निजवलं. मी डोकं धरून बसले, चंद्रकला श्वास देत राहिली. ती थकली की मी. मला आधी वाटत होतं, परक्या पुरुषाच्या तोंडाला तोंड लावायला मन धजावणार नाही. प्रत्यक्षात तसा विचारच आला नाही. किसन पुढे टपावर उभा राहून रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना हाळी देत होता, “वाट सोडाऽऽ!” पहिल्यानं ऐकलं, त्यानं पुढच्याला दिली, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. उसानं लादलेल्या ट्रॉल्या एकेक करून कडेच्या चिखलात उतरल्या.

ग्रामीण रुग्णालयात अशा गोळ्यांचा असर उतरवणारं नॅलोक्झोनचं इंजेक्शन होतं. ते तिथं असावं म्हणून सुमनच्या मंडळींनी किती खेपा घातल्या ते मला नंतर कळलं. डॉक्टरांनी ते दिलं आणि थोड्या वेळानं रामहरीनं एकदम डोळे उघडले. थरथरत, घामेजलेला.

“कशाला उठवलं,” तो म्हणाला.

चंद्रकलेनं त्याच्याकडे बघितलं. “जोडीदार पाहिजे कोयत्याला,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

इंजेक्शनचा जोर गोळीच्या आधी उतरतो, मग माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. ट्रकवाल्याकडून त्यानं सकाळी गोळ्या घेतल्या होत्या. आजच्या दिवसापुरत्या, जुन्याच मापानं.

किसन दाराशी उभा होता. आत येईना. मी त्याला चहा नेऊन दिला.

“बाई, म्या मारला असता त्याला,” तो म्हणाला. “मया करून मारला असता.”

तुला ठाऊक नव्हतं, एवढंच मी म्हणाले. ते खरं होतं, पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही.

शेवटची संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी पिकअपमधून रामहरी तळावर परतला. सुमन आली होती. भागवतनाना सगळ्यांना घेऊन चुलींजवळ बसले. मला भीती होती की त्याला टोळीतून काढतील, मग गावातल्या घरात तो एकटा राहील आणि तिथं कुणाची हाळीही नसेल. चंद्रकलेलाही तीच भीती असावी. ती भाकरी थापत होती आणि एकही भाकरी गोल येत नव्हती.

“मी पुन्यात नव्हतो,” रामहरी खाली बघत म्हणाला. “दवाखान्यात हुतो. गोळ्या सोडायला. सोडल्या हुत्या. काल पाठीनं हरवलं.” मग म्हणाला, “आन् त्या खुर्चीनं.”

काल थट्टा करणारा गडी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

किसन बोलला. “भरायच्या दिवशी म्या बी एक घेतो.” मग आणखी एकानं हात वर केला. मग एका बाईनं. कुणी गोळ्या चुलीत फेकल्या नाहीत, कुणी शपथ घेतली नाही. सुमन म्हणाली, शपथा नकोतच, एका शपथेनं काल काय केलं ते बघितलं. ज्यांना थांबायचंय त्यांनी एकदम न थांबता तिला भेटायचं, एवढंच तिनं सांगितलं.

भागवतनाना तंबाखू थुंकून म्हणाले, “रामहरी वर फळी चढनार न्हाई. ट्रकात उभं राहून मोळ्या लावंल. आन् भरायला पाळी लावू, रोज त्याच त्या पाठी नकोत. ट्रकवाला बोंबलंल थोडा उशीर झाला म्हनून. बोंबलू दे.” मग सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाले, “आन् एक. दुसऱ्याच्या वाटची ओ द्यायची न्हाई. ज्याची ओ त्यानंच द्यायची. मेला तरी.”

“मेल्यावर कशी देनार नाना?” किसन म्हणाला. कालपासून तो पहिल्यांदाच असा थट्टेनं बोलला होता.

“म्हनून तर!”

माझ्या दुसऱ्या यादीतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत. गोळ्या चिठ्ठीशिवाय कुठून येतात, ट्रकवाल्याला कोण देतं, हे अजून विचारायचं आहे. मंडळाला सांगायला मात्र एक गोष्ट आहे. झोपलेल्यावर चादर घालण्याआधी त्याला हाक मारा, आणि उत्तर त्याच्याच तोंडून ऐका. आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांपासून मी सुरुवात करणार आहे.

दिवस मावळला. पाटावरून गार वारं सुटलं, चुलींचा धूर जमिनीलगत पसरला. भागवतनाना उठून उभे राहिले आणि हाळी सुरू झाली. एकेक कोपी ओ देत गेली. मी चंद्रकलेच्या चुलीपाशी बसले होते. रामहरी आत पडला होता.

“रामहरीऽऽ!”

आतून काहीच आलं नाही. चंद्रकलेचा हात तव्यावर थांबला. पलीकडे किसन अर्धा उठून उभा राहिला. त्यानं पंजानं स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. माझ्याही ओठांवर ओ आली होती. मी ती गिळली.

“रामहरीऽऽ!” नानांनी पुन्हा दिली.

आत चटई करकरली. कुणीतरी घसा खाकरला.

“ओ,” रामहरी म्हणाला. मग जरा मोठ्यानं, वैतागून, “ओ! दिली की नाना, पानी पीत हुतो!”

चंद्रकलेनं भाकरी उलटली. एका बाजूनं ती करपली होती.